बॉनेटवरचा पक्षी

पंखांभोवतीचा लाल रंग तिने तिसऱ्यांदा खरवडून काढला. बिल्ला तळहाताएवढा, काचेसारख्या प्लॅस्टिकचा. रंग सगळा मागून भरलेला. आधी पक्ष्याची चंदेरी रेघ, ती वाळली की तिच्यावर लाल. जन्म कवळ्या घडवण्यात गेलेला, त्यामुळे असली कामं म्हणजे तिच्या हातचा मळ. पण आज लाल कधी रेघेबाहेर सांडायचा, कधी तिला तो पूर्वीचा लाल वाटायचा नाही.

"गाडीला दात बसवतेयस की काय?" नवऱ्याने दारातूनच विचारलं. "चावेल हां तुझ्या दादाला."

"त्याला चावायला मी आहे की."

ती हसली नाही. उठून खिडकी उघडली, पुन्हा लावली.

लहानपणी वडील तिला उचलून त्यांच्या गाडीच्या बॉनेटवरच्या या पक्ष्याला हात लावू द्यायचे, मगच गाडी सुरू करायचे. ते गेले आणि गाडी दादाकडे गेली. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. गाडी न्यायच्या सकाळी तिने स्क्रू-ड्रायव्हर घालून बिल्ला उपटला. मागची एक खुंटी मोडली. दादाने ते पाहिलं आणि गाडी काढली. तेव्हापासून भावाबहिणीचं बोलणं वहिनीच्या तोंडून.

परवा वहिनीचाच फोन आला.

"वन्सं, गाडी रंगवून आली. आरसा झालाय नुसता. बघायला या की."

"दादा म्हणाला, ये म्हणून?"

"ते कधी काही म्हणतात का? मी म्हणतेय."

बॉनेटवरची भोकं बुजवली का, एवढं विचारायला तिची जीभ रेटली नाही. रंगाऱ्याचं पहिलं काम तेच: भोकं भरायची, घासून सपाट करायची. मग पक्ष्याने बसायचं कुठे? तरी तिने नवी खुंटी घडवली, दाढेसारखी घासूनपुसून. आणि निघताना पर्समध्ये दोन्हीकडून चिकटणारी टेपही टाकली. वाटभर तिची बोटं पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. उघड, लाव, उघड.

दादा गाडीपाशी फडकं घेऊन उभा होता. केस पार पिकले होते.

"आलीस."

"वहिनीने बोलावलं."

"हं."

तिने चाकं पाहिली, काचा पाहिल्या, दिव्यांचं कौतुक केलं. बॉनेटकडे काही नजर जाईना. शेवटी रुमालात गुंडाळलेला बिल्ला सोडवून तिने पुढे धरला.

दादाने तो हातात घेऊन उलटा केला. नव्या खुंटीवरून अंगठा फिरवला.

"ही तू केलीस?"

"कवळीच्या मालाची आहे. सहज मोडायची नाही."

त्याच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. तो बॉनेटवर वाकला. कोऱ्या रंगात मेणाचे दोन ठिपके होते, डाळीएवढे. ते त्याने नखाने अलगद उचकटले. खाली दोन भोकं, कडांना नीट रंग, आत तेलाची ओल. खिशातून कापूस गुंडाळलेली काडी काढून त्याने भोकं पुसली. नेहमीचं काम असल्यासारखी, जवळजवळ न बघता.

"लाव," बिल्ला परत देत तो म्हणाला. "जुनी बाजू आधी घाल. तिला सवय आहे."

तिने पक्षी टेकवला आणि दाबला. खुंट्या आत गेल्या.

मग तिने पर्सची चेन लावून टाकली.