पायलच्या दुधातली साखर

नीलिमाला मुलगी झाली ती दिवस भरायच्या बरीच आधी. दोन तळहातांत मावेल एवढं ते बाळ काचेच्या पेटीत ठेवलेलं होतं, नाकात नळी, पायाला वायर. डॉक्टर दिवाकर रोज सकाळी राउंडला आले की एकच सांगायचे, "मॅडम, सध्या आईचं दूध हेच खरं औषध आहे. जेवढं निघेल तेवढं काढा."

पण दूध निघतच नव्हतं. दवाखान्याच्या पंपावर नीलिमा अर्धा अर्धा तास बसायची आणि बाटलीच्या तळाशी जेमतेम थेंब जमायचे. नर्स बाटली उजेडाकडे धरून पाहायची आणि घेऊन जायची. ते तसं धरून पाहणंच नीलिमाला जिव्हारी लागायचं.

नीलिमा कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवायची. तिची पीएचडी शेळीच्या दुधातल्या साखरांवर झाली होती. कार्बोहायड्रेटचा धडा ती असा रंगवायची की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवायची. एकच ग्लुकोज एका बाजूने जोडत गेलात तर भात होतो, दुसऱ्या बाजूने जोडलात तर कापूस. एक पोटात विरघळतो, दुसऱ्याची आपण चड्डी शिवतो, असं ती सांगायची आणि वर्ग हसायचा. अशा बाईला स्वतःच्या अंगात तोळाभर दूध बनवता येऊ नये, याची तिला लाज वाटत होती.

आणि नेमकी अशा वेळी पायल आली.

पायल म्हणजे नीलिमाची धाकटी जाऊ, माहेर हिंदी बोलणारं. नीलिमाचा नवरा यशदीप रेल्वेत, चौबे कॉलोनीत फ्लॅट. धाकटा दीर अश्विन, म्हणजे पायलचा नवरा, उरला गावच्या कारखान्यात, घर बीरगांवात. पायलची श्रावणी सात महिन्यांची. लग्न झालं, वर्ष सरायच्या आत दिवस राहिले, कसलाही त्रास नाही, कसलंही औषध नाही. नीलिमाने मात्र मधली कित्येक वर्षं डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवण्यात घालवली होती. श्रावणीच्या नावठेवणीला तिने सोन्याचे मणी दिले, फोटोत हसली, आणि घरी येऊन न जेवता झोपली होती.

"दीदी, मेरे को तो इतना आता है कि फेकना पड़ता है," पायल दारातच म्हणाली. तिच्या पोलक्यावर तेव्हाही एक ओला डाग होता. "डाक्टर साहब से पूछो ना, चलेगा क्या."

डॉक्टरांनी पायलच्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या आणि चालेल म्हणाले. त्या दिवसापासून अश्विन कामावर जाताना बर्फाच्या डब्यात बाटल्या घालून मोटरसायकलवरून आणू लागला. भरलेल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या बाटल्या.

बाळाचं वजन वाढू लागलं. यशदीपच्या चेहऱ्यावर रंग आला. नर्सा पायलला "दूधवाली मम्मी" म्हणायला लागल्या. आणि सासूबाई, कलावतीबाई, काचेला नाक लावून एके दिवशी म्हणाल्या, "पाह्य ना नीलिमा, गाल कसे भरून राह्यले पोट्टीचे. पायलचं दूध लागलं तिच्या अंगी."

"माझंही जातंय, आई."

"हव, जाते ना. पण तुयं केवढंसं!"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. नीलिमालाही ते कळत होतं. पण ते 'केवढंसं' तिच्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं. रात्री पंपाला बसली की तिला पायल दिसायची: पाय पसरून, टीव्ही बघत, गप्पा मारत बाटल्यांवर बाटल्या भरणारी. बारावी नापास पायल. ग्लुकोज म्हणजे दुकानातली नारिंगी पुडी एवढंच जिला माहीत, ती पायल.

मग एक विचार तिच्या डोक्यात शिरला आणि घर करून बसला. दूध पुष्कळ आहे, पण चांगलं आहे कशावरून?

आईच्या दुधात नुसती दुधसाखर नसते, हे नीलिमा झोपेतही सांगू शकली असती. तिच्याबरोबर आणखी शेकडो लहान-मोठ्या साखरा असतात, तीन-चार-पाच कड्यांच्या साखळ्या. गंमत अशी की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात आणि तिथल्या उपकारी जंतूंना पोसतात. रोगाचे जंतू आतड्याला चिकटायला येतात तेव्हा त्यातल्या काही साखरा त्यांनाच चिकटून त्यांना बाहेर काढतात. यातल्या एका महत्त्वाच्या साखरेला फ्युकोज नावाची एक कडी लागते. काही बायकांच्या शरीरात ती कडी तशी जोडणारं एन्झाइमच नसतं. जन्मतःच नसतं. चार-पाच बायकांत एखादी अशी निघते.

पायल तशी असली तर?

त्या शनिवारी नीलिमाने नर्सच्या नकळत पायलच्या बाटलीतलं थोडं दूध एका कुपीत घेतलं. शेजारी तुलना हवी म्हणून दुसऱ्या कुपीत स्वतःचं घेतलं आणि कॉलेजात गेली. प्रयोगशाळा रिकामी होती. तिने दोन्ही दुधांतली चरबी आणि प्रथिनं काढून टाकली, आणि राहिलेल्या पाण्याचे ठिपके पातळ पांढऱ्या प्लेटवर बारीक नळीने ठेवले. तिसरा ठिपका त्याच फ्युकोजवाल्या शुद्ध साखरेचा, तिच्या पीएचडीच्या काळापासून फ्रीजरमध्ये जपलेल्या बाटलीतला. प्लेट द्रावणात उभी केली आणि स्टुलावर बसून राहिली. द्रावण हळूहळू वर चढत होतं आणि आपापल्या वजनाप्रमाणे साखरांना मागेपुढे ओढून नेत होतं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. इथलं सगळं तिच्या हातातलं होतं.

प्लेटवर रसायनाचा फवारा मारून तिने ती ओव्हनमध्ये तापवली. जांभळट-तपकिरी डाग उमटले. दुधसाखरेचा मोठा डाग दोन्हींत होता. त्याच्या खाली, शुद्ध साखरेच्या ठिपक्याच्या बरोबर रेषेत, पायलच्या ओळीत एक ठळक डाग होता.

नीलिमाच्या ओळीत तिथे काहीच नव्हतं.

तिने कुपीवरची चिठ्ठी पाहिली. पुन्हा पाहिली. दुसरी प्लेट केली, ओळींची अदलाबदल करून केली. डाग पायलबरोबर गेला.

थेंबाथेंबाने निघणारं आपलं दूध, आणि तेही असं. तिने दोन्ही प्लेटा तोडल्या, कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले.

संध्याकाळी दवाखान्याच्या बाहेर बाकावर यशदीप, अश्विन आणि कलावतीबाई चहा घेत बसले होते. नीलिमा त्यांच्यापुढे उभी राहिली आणि बोलून गेली. पुढे कधी आठवलं तरी तिला नवल वाटायचं, की आवाज किती शांत निघाला होता.

"कॉलेजात दूध तपासलं मी. पायलच्या दुधात एक साखर नाहीच आहे. बाळाच्या आतड्याला ती लागते. आता बाटल्या नको आणू, अश्विन."

यशदीप गोंधळला. "पण वजन तर वाढून राह्यलं ना?"

"वजन काय, साखरपाण्यानेही वाढतं."

यापुढे कोण काय बोलणार? घरात तीच एक शिकलेली. अश्विनने मान खाली घातली. "ठीक आहे वहिनी. तुम्हाले जास्त समजते." कलावतीबाईंनी कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "असं असते का? आमाले तर माहीतच नाही."

बाटल्या बंद झाल्या. दवाखान्यात नीलिमाने पायलला ताप आल्याचं सांगितलं, आणि स्वतः तिच्या थोड्या दुधात पावडरच्या दुधाची भर पडू लागली. पहिले दोन-तीन दिवस तिला हलकं वाटलं. मग बाळाचं पोट जरा फुगू लागलं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, लक्ष ठेवू. नीलिमा मात्र पेटीजवळून उठेना.

आणि एका दुपारी पायल आली. बीरगांवाहून ऑटो बदलत, श्रावणीला कडेवर घेऊन. डोळे सुजलेले; बाटल्या का बंद झाल्या ते तिला अश्विनकडून शेवटी कळलं होतं. ती नीलिमाकडे आलीच नाही. राउंड संपवून निघालेल्या डॉक्टर दिवाकरांसमोर थेट जाऊन उभी राहिली.

"डाक्टर साहब, मेरे दूध में कौन सी शक्कर नहीं है? मेरी लड़की को भी कम पड़ी क्या? सात महीने से वही पी रही है. मैंने परसों से डिब्बे का चालू किया, तो लेती नहीं, रोती रहती है."

डॉक्टर बुचकळ्यात पडले. "कसली साखर? आम्ही असली काही टेस्ट केलेली नाही. तुमचा ताप उतरला का?"

"कौन सा ताप?"

श्रावणी रडत होती. पायलच्या पोलक्यावर दोन्ही बाजूंनी डाग पसरले होते आणि ती तिला पाजत नव्हती. छातीशी धरलेलं पोर तोंड मारत होतं आणि ती त्याचं डोकं बाजूला करत होती, विष पाजायला नको अशा भीतीने. नीलिमाने ते पाहिलं. या गोष्टीची तिने कल्पनाच केली नव्हती. घरच्यांनी पायलला कमी लेखावं एवढंच तिला हवं होतं. श्रावणी तिच्या हिशेबातच नव्हती.

"पाज तिला," नीलिमा म्हणाली.

पायलने वळून पाहिलं.

"पाज. तुझ्या दुधात ती साखर आहे. भरपूर आहे. माझ्यात नाही. मी खोटं बोलले."

डॉक्टर दिवाकर नीलिमाकडे वळले. "मॅडम, कित्येक आयांच्या दुधात ती नसते. त्यांची मुलं धडधाकट असतात. बाकीच्या साखरा असतातच की. हे तुम्हाला मी सांगायचं?"

तेही तिला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं.

पायल तिथेच खुर्चीत बसली, पदर ओढला आणि श्रावणीला पाजलं. पोर गटागट पीत राहिलं. श्रावणी निवल्यावर पायल खालच्या आवाजात म्हणाली, "मैं तीन रात सोई नहीं, दीदी. मेरे को लगा मैंने अपनी बच्ची को भूखा रखा." तिने डोळे पुसले. "बोतल कल से आ जाएगी. बच्ची ने क्या बिगाड़ा है किसी का. पर मेरे से बात मत करना."

दुसऱ्या दिवशी अश्विन डबा घेऊन आला. वहिनी म्हणाला नाही, नुसता डबा नर्सकडे दिला. घरी यशदीपने एकदाच विचारलं, "काहून केलं असं?" नीलिमा बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत राहिली. कलावतीबाई मुक्कामाला बीरगांवला गेल्या.

बाळ सुटून घरी आलं तेव्हा उन्हं तापू लागली होती. तोवर नीलिमाला दूधही बऱ्यापैकी येत होतं. नावठेवणीला चौबे कॉलोनीतल्या फ्लॅटवर बुद्धवंदना झाली, माणसं जेवायला बसली. पायल आली होती. कलावतीबाईंच्या शेजारी बसून होती. नीलिमाशी शब्द नाही.

बाळ रडायला लागलं. नीलिमाने पाजून पाहिलं, खांद्यावर घेऊन फिरवलं. राहीना. आत्या, मावश्या आपापले उपाय सांगू लागल्या. नीलिमाचं लक्ष पायलकडे गेलं. पायल बाळाकडेच बघत होती आणि तिच्या पोलक्यावर ओला डाग उमटत होता. तीच जुनी कळ नीलिमाच्या छातीतून गेली, जराही कमी न होता. वाटलं, आपण आत जावं, दार लावावं, रडू दे रडलं तर.

तिने बाळ नेऊन पायलच्या मांडीवर ठेवलं.

पायल उठली, बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. नीलिमा दाराशी उभी राहिली. रडणं थांबलं. पायलची पाठ तेवढी दिसत होती, आणि पदराखाली हलणारा एक इवलासा पाय. बघवत नव्हतं, तरी नीलिमा हलली नाही.

"दीदी," मागे न वळता पायल म्हणाली, "पानी दो ना थोड़ा. पिलाते टाइम बहुत प्यास लगती है."

नीलिमा पाणी आणायला गेली.