नववा प्रश्न

सतरा नंबरचा पुठ्ठा मुलीच्या फ्रॉकवर उलटा झाला होता. सेफ्टी पिन एकाच टोकाला टोचलेली, त्यामुळे मुलगी वाकली की पुठ्ठा फिरायचा, आकडे डोक्यावर उभे राहायचे, ती सरळ झाली की तेही अर्धवट सरळ व्हायचे – आणि चंद्रिकाच्या मनात आलं, दोन पिना लावायला हव्या होत्या, पुढच्या शनिवारी दोन लावू... मग तिच्या लक्षात आलं, आपण मघापासून पिनेचाच विचार करतोय, कारण दुसऱ्या सतराचा विचार करायचा नाहीये.

दुसरा सतरा आईकडे होता. टॉवेलच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून ही पद्धत चंद्रिकानेच बसवली होती. एक आकडा मुलाच्या अंगावर, तोच आईच्या हातात, दोन्ही जुळले की मूल द्यायचं. दर शनिवारी अक्कलकोट रोडवरच्या या कुटुंब मदत केंद्रात बायकांसाठी शिबिर असायचं – श्वासाचे व्यायाम, गोल बसून बोलणं, मध्ये चहा – आणि तोवर मुलं मागच्या खोलीत. बी.एस्सी. होऊन घरी बसल्यापासून चंद्रिका इथे स्वयंसेवक म्हणून यायची. आज सतरा मुलं आली होती. शिबिर एक वाजता संपलं, सोळा गेली. आता एक बेचाळीस.

"येतीया की," निंगव्वा म्हणाली. ती केंद्राची झाडलोट करायची, चहा करायची आणि न विचारता सगळ्यांना धीर द्यायची. "आज पानी सुटायचा दिस हाय तिच्या गल्लीत. पाचव्या दिशी येतंय. सोडून बसती व्हय कोन? घागरी भरून येतीया."

"सांगून गेली तुम्हाला?"

"मला कशाला सांगंल? मी काय तिची सासू हाय?"

मुलीचं नाव भीमा. तीन वर्षांची. प्लास्टिकचे पेले एकात एक घालायची, काढायची, आणि मधूनच चंद्रिकाकडे बोट दाखवून म्हणायची, "तू हितं बस. बोलू नको."

"बघ, तुला मातर सासू मिळाली," निंगव्वा हसली. "मुकाट्यानं ऐक."

चंद्रिका हसली आणि मुकाट्याने बसली. हितं बस. बोलू नको... कुणीतरी हे आधी म्हटलेलं आहे. याच शब्दांत नाही, पण हेच.

आईचा फोन नंबर शिबिराच्या अर्जावर असणार. ती उठून टेबलापाशी गेली. एकेचाळीस अर्ज, दोन फायली. दर अर्जावर नऊ प्रश्न – गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं – आणि दर प्रश्नाला चार उत्तरं, शून्यापासून तीनपर्यंत. अजिबात नाही. काही दिवस. निम्म्याहून जास्त दिवस. जवळजवळ रोज. बेरीज दहा किंवा वर गेली तर लाल फाईल, केंद्राच्या समुपदेशक सिद्धेश्वरीताई सोमवारी स्वतः फोन करणार. दहाच्या खाली हिरवी. बेरजा चंद्रिकाच्या. आज चहाच्या आत एकेचाळीस संपवल्या होत्या, आणि संपल्यावर घड्याळ बघून तिला बरंही वाटलं होतं.

लाल फाईल पातळ. तीत अर्ज नव्हता. हिरवीत सापडला. दिपाली, वय सव्वीस, माहेर वेळापूर, नवरा चिंचोळी एमआयडीसीत, पत्ता पाण्याच्या टाकीमागे. वर कोपऱ्यात पेन्सिलने, गोलात, चंद्रिकाचं टापटीप अक्षर: पाच.

झोप, एक. थकवा, एक. बाकी सगळीकडे शून्याच्या रकान्यात छोट्या, समजूतदार खुणा, एकाखाली एक, शाळेत ओळीने उभ्या केल्यासारख्या... आणि तळाशी, नवव्या प्रश्नापुढे, पार उजवीकडे, तीन.

नववा प्रश्न तिने पुन्हा वाचला. खरं तर वाचायची गरज नव्हती. आपण नसतो तर बरं झालं असतं असे, किंवा स्वतःला काही करून घेण्याचे विचार.

जवळजवळ रोज.

एक अधिक एक अधिक तीन. पाच. बेरीज बरोबर होती. बेरजेत काहीच चूक नव्हती, पण प्रशिक्षणाच्या दिवशी ताईंनी सांगितलं होतं, नववा प्रश्न आधी बघायचा, तिथे शून्याशिवाय काहीही असेल तर बेरीज विसरायची आणि मला उठवायचं, मी कुठेही असले तरी – आणि चंद्रिकाने ते वहीत लिहून खाली दोनदा रेघ मारली होती. रेघ पट्टीने मारली होती.

चुकून पडली असेल खूण. शेवटचा प्रश्न, घाई, रकाना सरकतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेटचं एखादं वाचन बाकीच्यांशी जुळलं नाही की सर म्हणायचे, ते सोड, जुळतात ती घे. आणि ती सोडायची. मन शांत व्हायचं. आठ वाचनं जुळतायत, एक जुळत नाही... पण ते एक सोडताना तिने कधी विचारलं नव्हतं, की त्या एका वेळी भांड्यात काय झालं होतं.

तिने फोन लावला. वाजत राहिला. खिडकीबाहेर दुपार पांढरी पडली होती, रस्त्यावर एक टमटम रिकामी उभी. पुन्हा लावला. नंबर नवऱ्याचा असला तर? पहिल्या पाळीत फोन कपाटात ठेवून घेतात म्हणे कारखान्यात. कुठल्यातरी बंद लोखंडी कपाटात तो वाजत असणार, आणि ती...

ती चहाच्या वेळी दाराशी आली होती. आता एकदम, नको तितकं स्पष्ट आठवलं. हिरवी साडी, हातात न प्यायलेला चहा. दारातून आत डोकावली आणि भीमाला दिसू नये म्हणून मागे सरली.

"रडली का वं ताई?"

"अजिबात नाही," चंद्रिका म्हणाली होती. खोली शांत ठेवल्याचा तिला अभिमान होता. "तुमची आठवणसुद्धा काढली नाही तिने."

"राहती मग माझ्याबिगर."

"मजेत राहते."

"बरं हाय की मग," दिपाली म्हणाली होती, आणि हसली होती. चंद्रिकाही हसली होती. मी हसले होते. मी शाबासकी घेतल्यासारखी हसले होते.

एक एकावन्न.

आतल्या खोलीचं दार बंद होतं. ताईंसमोर एक नवरा-बायको बसले होते, सकाळी अकरापासून. दारावरची पाटी उलटी म्हणजे कोणी येऊ नये. जाऊन सांगायचं, एवढंच. ताई, माझं चुकलं. पण ताई आधी विचारतील, केव्हा कळलं? आणि त्याआधी, तू बघितलं कसं नाहीस? आणि टेबलावर खोडरबर होतं. बेरजा ती पेन्सिलनेच लिहायची, चूक झाली तर खोडता यावी म्हणून. पाच खोडायचा, अर्ज लाल फायलीत सर्वांत वर ठेवायचा. ताई दार उघडतील तेव्हा म्हणायचं, हा बघा, मी वेगळाच काढून ठेवला होता. कोणाला कळणार आहे? निंगव्वाला वाचता येत नाही. भीमा पेले मोजतेय. अर्ज तिने उचलला, लाल फायलीत ठेवलाही, आणि फाईल मिटली. हात अगदी सहज चालला. हाताच्या त्या सहजपणाचीच तिला भीती वाटली.

"तू हितं बस," भीमा म्हणाली.

चंद्री, वर जा. अव्वाजवळ बस... अप्पा म्हणायचे. ती नऊ वर्षांची होती. महिनाभर, रोज शाळेतून आल्यावर. अव्वा, तिची आई, गच्चीत पाण्याच्या टाकीला लागून, कठड्याशी बसलेली असायची, आणि अप्पा दुकानात परत जाण्याआधी चंद्रिकाला वर पाठवायचे. का, ते कोणी सांगितलं नाही. खेळू नको, बोलू नको, नुसती बस. अव्वाचं तोंड बघवायचं नाही, म्हणून ती तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. पाठ गरम असायची, श्वासाबरोबर हलायची. तेवढं कळत राहिलं की पुरे. समोरच्या गच्चीवर टॉवेल वाळत घातलेले असायचे, ते ती मोजायची – एका दोरीवर किती, एकूण दोऱ्या किती. मोजत असताना पाठ हलायची थांबली तर? म्हणून मोठ्याने नाही, मनात मोजायचं. मग एके दिवशी अव्वा उठून खाली आली, शेंगाची चटणी कुटायला बसली, आणि घरात ते गच्चीवरचं कोणी कधी काढलं नाही. पंधरा वर्षं. अजून रोज अव्वा विचारते, जेवलीस का? आणि चंद्रिका विचारते, तू?

त्याच्या पुढचं कोणीच काही विचारत नाही.

ती दाराशी गेली. लाल फायलीतून अर्ज पुन्हा काढलेला, हातात, पाच तसाच. बोटं वाकवून दारापर्यंत नेली. आत पुरुषाचा आवाज भरून आला होता, तो अडखळत काहीतरी सांगत होता, आणि चंद्रिकाला वाटलं, याचं होऊ दे, मग... एक मिनिट. मिनिटाने काय होतं? मिनिटात काय काय होतं, ते आठवू नये म्हणून तिने दार वाजवलं. फार जोरात वाजलं.

सिद्धेश्वरीताई दार किलकिलं करून बाहेर आल्या. "काय गं?"

आणि मागून आवाज आला, "लई उशीर झाला वं ताई! पानी आलतं."

दिपाली उंबऱ्यात उभी. साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला, श्वास लागलेला, मुठीत पुठ्ठा ओला होऊन मऊ पडलेला. सतरा.

"म्हनलं नव्हतं?" निंगव्वा म्हणाली. "किती भरल्या गं?"

"दोन बॅरल आन् घागरी. सासूबाई वराडत व्हत्या नळावर, फोन कुटं ऐकू येतोय..."

चंद्रिका तिच्याकडे बघत राहिली. आहे. ही उभी आहे, ही बोलते आहे. सगळं सुटलं. आता म्हणायचं, काही नाही ताई, मूल राहिलं होतं, आली आई. अर्ज पाठीमागे धरायचा. ताईंनी पुन्हा विचारलं, "काय?" आणि तिने अर्ज पाठीमागे धरला होताच... पण सुटलेलं ते एका क्षणात परत आलं. पाणी भरायला गेलेली बाई. काठ भिजलेली, हसणारी. बरं हाय की मग, असं हसणारी. तिच्या येण्याने तीनचा शून्य झाला नव्हता.

तिने अर्ज ताईंच्या हातात दिला. "मी हिरव्यात टाकला होता," ती म्हणाली. "आत्ता बघितला."

ताईंनी तळाशी पाहिलं. रागावल्या नाहीत. ते जास्त कठीण गेलं. हळू म्हणाल्या, "ह्या दोघांना सांगून येते. पाच मिनिटं. तिला जाऊ देऊ नकोस. आणि नुसती बसू नकोस, विचार. विचारल्याने कोणाच्या मनात नवं काही शिरत नाही."

दार पुन्हा लागलं.

दिपाली खाली बसून भीमाच्या फ्रॉकची पिन काढत होती. चंद्रिका जवळ गेली, आणि तिच्या अंगाने आपोआप जुनी जागा घेतली – शेजारी, थोडं मागे, जिथून तोंड दिसत नाही पण पाठ कळते. पाठ हलत होती. ओल्या साडीचा वास येत होता. खिडकीतून समोरची गच्ची दिसत होती आणि दोरीवर... ती मोजायला लागली होती. चार.

ती उठली, वळसा घालून दिपालीच्या समोर जमिनीवर बसली. इतक्या जवळून हा चेहरा तिने पाहिला नव्हता. ओठाच्या कोपऱ्यात एक जुनी बारीक खूण होती. डोळे थकलेले नव्हते, तेच भयंकर होतं. ते फार नीट आवरलेले होते.

"दिपालीताई, मघाशी मी तुम्हाला म्हटलं, भीमाने आठवण काढली नाही," ती म्हणाली. आवाज आपला नसल्यासारखा. "ते मी उगीच म्हटलं. ती दाराकडे बघत होती." मग, "अर्जातल्या शेवटच्या प्रश्नाला तुम्ही रोज म्हणून खूण केलीये. चुकून पडली का? की खरंच तसं वाटतं?"

पिन अर्धी उघडी राहिली. निंगव्वा कपबशा विसळायची थांबली. आता ती हो म्हणेल. आता ती नाही म्हणेल, आणि ते खोटं असेल. दोन्हींची भीती सारखीच होती, पण ती आता पाठीमागे नव्हती. समोर बसली होती, हातभर अंतरावर, ओल्या काठाची, आणि तिच्याकडे बघता येत होतं.

"कसं हाय ताई..." दिपाली म्हणाली, आणि थांबली. मुलीच्या पोटावरचा सतरा तिने अंगठ्याने सरळ केला. चंद्रिकाच्या जिभेवर सोपी वाक्यं आली, एकामागे एक. तिने ती गिळली आणि तशीच बसून राहिली, तोंडाकडे बघत. अव्वाचं तोंड तेव्हा कसं दिसत असेल, हे पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या मनात आलं.