वरच्या खोल्यांतलं नेट

जोतीरामांना नेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गेल्या संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी आलेला मुलगा मुक्काम अर्ध्यावर गुंडाळून पुण्याला पळाला तो नेटपायीच, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. "आण्णा, वर नेटच येत नाही. काम कसं करू?" दिग्विजय म्हणाला होता. मोबाईलची रेंज तर त्या गल्लीत कधी नव्हतीच.

बायको वच्छलाबाई गेल्यापासून दुमजली घरात जोतीराम एकटेच. चिंचोळीच्या कारखान्यात जन्म घालवून वरच्या दोन खोल्या बांधल्या त्या मुलासाठी, आणि तिथं मुक्कामाला धूळ. म्हणून यंदा जत्रेआधी त्यांनी नेटची कामं करणाऱ्या गौसला बोलावलं.

"काका, तुमी एकलेच हाय की. नवा राऊटर सोप्यात बसवला की बास."

"मला न्हाय रं, पोरांला. वर दोनी खोल्यांत लाव."

गौसनं राऊटर खाली सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत बसवला, त्याला एक लहान डबी जोडली, तिच्यातून दोन वायरी जिन्यानं वर नेल्या आणि दोन्ही खोल्यांच्या छताला बशीएवढे पांढरे डबे लावले. सगळीकडं नेटचं नाव एक, पासवर्ड एक. "आता कुटंबी फिरा, फोन जवळचा डबा आपोआप धरतोय," म्हणाला. डब्यांवर हिरवे दिवे लागले. जोतीरामांनी गाद्यांवर नव्या चादरी घातल्या.

दिग्विजय, सून ऋतुजा आणि नात आरोही आली. "आण्णा, काय भारी नेट आहे!" ऐकून जोतीरामांची छाती फुगली. चहा झाला. दिग्विजय लॅपटॉप घेऊन एका खोलीत शिरला, मायलेकी दुसरीत. दारं लागली.

खाली जोतीराम भाजलेल्या शेंगांचं ताट घेऊन बसले. गेल्या वर्षी नेट फक्त सोप्यात यायचं, म्हणून तिघंही दिवसभर इथंच. आरोही त्यांच्या गुडघ्याला टेकून फोन बघायची, दिग्विजय न बघताच त्यांच्या ताटातल्या शेंगा उचलायचा. आता जेवायला हाक मारली तरच माणसं दिसत होती. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता म्हातारबुवांनी, आणि वर कौतुकही करून घेतलं होतं.

दुसऱ्या दुपारी ते उठले आणि डबीतल्या दोन्ही वायरी उपसल्या.

जिन्यावर पावलं वाजली. "आजोबा, नेट गेलं!"

"हितं येतंय बग."

आरोही गुडघ्याला टेकली. मागोमाग ऋतुजा आली. शेवटी दिग्विजय. त्यानं लोंबणाऱ्या वायरी बघितल्या, मग बापाकडे बघितलं. जोतीराम मान खाली घालून शेंगा सोलत होते. वायर जागेवर बसवायला त्याला कितीसा वेळ लागणार? पण तो ताट पुढं ओढून खाली बसला.

"शेंगा खारवल्यात काय, आण्णा?"

"तुज्या आईसारक्या न्हाय जमल्या."

"बऱ्या आहेत की," दिग्विजय म्हणाला. जत्रा होईपर्यंत वायरींना कुणी हात लावला नाही. घर कसं भरल्यासारखं वाटलं.

त्यांना स्टेशनवर सोडून जोतीराम परतले. वायरी पुन्हा बसवल्या आणि वर जाऊन बघितलं. दोन्ही खोल्यांत हिरवे दिवे लागले होते. आता घरभर नेट होतं. कुठल्या खोलीत बसावं, तेच त्यांना कळेना.