हरलेल्यांचा रोलर

मित्रांनो, मी एक जुना रोलर आहे. मैदानाच्या फाटकात चौथऱ्यावर, साखळीच्या आत, काळा रंग फासून जो गोल गडी उभा केला आहे, तोच मी. तुम्ही रोज माझ्या साखळीला अंग घासत सायकली आत नेता, पण आपली ओळख नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो, जिंकलेल्या माणसांविषयी मला काही विचारू नका. त्यांचा-माझा फारसा संबंध आला नाही. माझे सगळे आयुष्य हरलेल्यांबरोबर गेले.

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, ते निवल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर आलो. ज्या ओताऱ्याने मला घडवले, त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि तो म्हणाला, "हा आपल्या सगळ्यांच्या मागे राहील बघा." ते कौतुकच होते. मागे राहायला कसे वाटते, हे त्याला तरी कुठून ठाऊक असणार! मलाही तेव्हा आनंदच झाला होता.

मैदान नुकतेच तयार झाले होते. तीन बाजूंना घरांच्या मागच्या भिंती होत्या. चौथ्या बाजूला रस्ता होता, पण तिथेही एका अंगाला शाळेची भिंत आणि दुसऱ्या अंगाला पाण्याची टाकी. मधल्या जागेत फाटक. आत यायला आणि बाहेर जायला तेवढी एकच वाट होती, ती आजही तशीच आहे.

मैदान राखायला नगरपालिकेने एक माणूस नेमला. मला हलवायचे म्हणजे दांड्याला दोघे आणि मागून ढकलायला चौघे तरी हवेत. नगरपालिकेने रोलर दिला, माणसे दिली नाहीत. मग त्या राखणदाराने एक नियम केला. सामना हरेल त्या संघाने संध्याकाळी खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. जिंकलेले हसत-खिदळत चहाला जात आणि हरलेले माझ्याकडे येत.

राखणदार फार जगला नाही. त्याच्या जागी नगरपालिकेने त्याच्या बायकोला घेतले. तिला सगळे मावशी म्हणू लागले. बाईमाणूस मैदान काय राखणार, अशी कुजबुज सुरुवातीला झाली. पण नवऱ्याचा नियम तिने त्याच्यापेक्षा कडक चालवला. सामना संपला की पाण्याचा पाइप खाली ठेवून ती हाक मारायची, "हरले कोण? या इकडे!"

"मावशी, आज सोडा ना. आधीच जीव गेलाय."

"जीव गेलाय तर बोलतोस कसा? धर दांडा."

पहिल्या फेरीत कुणी कुणाशी बोलत नसे. दुसऱ्या फेरीत भांडण सुरू होई, झेल कुणी सोडला, धावचीत कुणामुळे झाले. मग कुणीतरी घसरून पडे, सगळे हसत, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला पुढच्या सामन्याच्या गप्पा चालत. एखादा मागून ढकलताना कपाळ माझ्या लोखंडाला टेकवून गुपचूप रडूनही घेई. मी कुणाला सांगितले नाही. काम संपले की जिथे शेवटची फेरी थांबेल तिथे ते मला सोडून जात. आज टाकीपाशी, उद्या झाडाखाली. माझी अशी ठरलेली जागा नव्हती आणि मला ती कधी हवीशीही वाटली नाही.

या हरणाऱ्यांत एक सडपातळ पोरगा होता. शून्यावर बाद होण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, म्हणून त्याचे नाव पडले भोपळ्या. त्याच्या संघात तो होता म्हणून संघ हरे, की संघ हरे म्हणून तो त्यात होता, कोण जाणे! पण मला सगळ्यात जास्त ओढले ते त्यानेच. तळहाताला फोड यायचे, तरी दांडा दुसऱ्याला देत नसे. मावशी त्याला म्हणायची, "भोपळ्या, खेळात नाही, पण या कामात तुझा नंबर पहिला."

मावशीच्या शब्दाला मैदानावर मान होता. चेंडू सीमेपार गेला की नाही यावर हमरीतुमरी झाली की दोन्ही संघ तिला विचारत. ती पाहिले असेल तेवढेच सांगे. स्वतःच्या भाच्याच्या विरुद्धही तिने निकाल दिला होता. तिचे म्हणणे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दिवस चांगले चालले होते. मग नगरपालिकेने घरपट्टीतला थोडा हिस्सा तीन कामांसाठी बाजूला काढायचे ठरवले. मोकळ्या जागा, खेळ, आणि गावातल्या जुन्या वस्तू-वास्तूंचे जतन. निधी आला म्हटल्यावर मावशी हुरळून नगरपालिकेत गेली. कुंपण मोडले होते, पाइप फाटला होता, माझा दांडा कुरकुरत होता. मोकळ्या जागांचे लोक म्हणाले, हे तर खेळाचे मैदान, खेळाच्या विभागात जा. खेळाचे लोक म्हणाले, ना तिथे बसायला पायऱ्या, ना दिवे, ही नुसती मोकळी जागा, तिकडे जा. टोलवाटोलवी मी जन्मभर बघत आलो होतो, पण ती चेंडूची.

मावशी परत आली, माझ्या दांड्यावर टेकली आणि म्हणाली, "आता उरलं जुन्याचं खातं. इथं जुनं कोण? तू आणि मी. चल, दोघं जाऊन बसू त्यांच्या दारात." आणि एकटीच हसली.

शेवटी खेळाच्या विभागाने एवढे केले की अधूनमधून भाड्याचा मोटार-रोलर पाठवायला सुरुवात केली. तो धूर सोडत यायचा आणि तासाभरात खेळपट्टी चोपून जायचा. मग मला कोण ओढतो? हरलेलेही चहाला जाऊ लागले. मी भिंतीकडेला पडून राहिलो. गंज चढला, गवत वाढले. सामने चाललेले ऐकू यायचे, पण संध्याकाळी कुणी माझ्याकडे येत नसे. मित्रांनो, काम करून थकणे वेगळे आणि पडून राहून थकणे वेगळे. दुसरे फार वाईट.

एक दिवस मला भंगारात काढायचे ठरले. रस्त्यावर टेम्पो उभा होता. मजुरांनी मला ओढत फाटकापर्यंत आणले आणि तिथेच दांडा मोडला. टाकीच्या गळतीने फाटकातली माती भुसभुशीत झाली होती, तिच्यात मी रुतून बसलो. मजुरांनी मला चार शिव्या दिल्या. "उद्या क्रेन आणू," म्हणाले आणि गेले. सरकारी उद्या! तो काही उगवला नाही.

त्याऐवजी जुन्या वस्तूंच्या विभागातली एक तरुण बाई आली. गावात जुने काय काय उरले आहे ते बघत ती फिरत होती. तिने अंगठ्याने माझा गंज खरवडला, ओताऱ्याचा छाप शोधून काढला आणि तिचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी कुणाचा चेहरा मला बघून उजळला होता. "ओतीव लोखंड," ती पुटपुटत लिहू लागली, "स्थिती बरी. मूळ जागी." मावशी तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी लांब रजेवर होती आणि दुसऱ्या कुणाला विचारावे असे बाईंना वाटले नाही. फाटकात दिसलो, म्हणजे फाटकातलाच!

आणि काय सांगू, माझ्यासाठी निधी आला. कुंपणाला नाही, पाइपाला नाही, मला. मला उचलून खाली चौथरा बांधला, काळा रंग दिला, साखळी लावली आणि पाटी ठोकली: 'हात लावू नये. हलवू नये.' पहिले काही दिवस मी ऐटीत होतो.

रजा संपवून मावशी कामावर आली आणि बघतच राहिली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लागला की रे तुझा नंबर! आता माझा कधी?" तिने सवयीने माझ्यावर हात टाकायला पुढे केला. तेवढ्यात पाटी वाचली आणि हात मागे घेतला.

यानंतरचा प्रसंग सांगताना मला अजून जड जाते. बाजारात गाड्या लावायला जागा उरली नव्हती. नगरपालिकेने अर्ध्या मैदानावर वाहनतळाची इमारत बांधायचे ठरवले. आराखडा केला बांधकाम खात्याच्या अभियंत्याने, आणि हा अभियंता म्हणजे आपला भोपळ्या. आता पोट सुटले होते, चष्मा लागला होता. बांधकामाचे ट्रक आत न्यायचे तर फाटकातूनच न्यावे लागणार आणि फाटकात मी. बाजूने माणूस जाई, सायकल जाई, ट्रक जाणे शक्य नव्हते. नियम असा होता की मूळ जागी जतन केलेली वस्तू हलवता येत नाही. ती मुळात तिथली नसेल, तर मात्र खुशाल हलवावी.

म्हणून एका सकाळी मुख्याधिकारी स्वतः पाहणीला यायचे होते. भोपळ्या त्यांच्या आधी पोचला. मावशी माझ्याजवळच झाडत होती.

"मावशी, मी काही वाकडं करायला सांगत नाही. जे खरं आहे तेच सांगा. रोलर इथला नाही, एवढंच."

"आणि मग?"

"अर्धं मैदान राहतंच की. रोलरला मी नवा दांडा बसवून देतो, आत नेऊन देतो. परत फिरेल तो."

"अर्ध्या मैदानात कसला सामना खेळणार रे पोरं?"

"लोकांनी गाड्या कुठं लावायच्या, तेही सांगा ना," तो म्हणाला. त्याचेही काही चुकले म्हणता येत नव्हते.

पण माझ्या कानात एकच शब्द घुमत होता. फिरेल. नवा दांडा, ओली माती, मागून ढकलणारे हात. मी मनातल्या मनात ओरडत होतो, मावशी, खरे सांग! तू कधी खोटे बोलली नाहीस, आजही बोलू नकोस!

मुख्याधिकारी आले. त्यांनी मला बघितले, पाटी वाचली आणि मावशीकडे वळले. "बाई, इथं सगळ्यात जुन्या तुम्ही. तुमच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही असं ऐकलंय. हा रोलर पहिल्यापासून इथंच होता का?"

मावशी मैदानाकडे बघत होती. माझ्याकडे तिने नजर वळवली नाही.

"इथंच होता," ती म्हणाली.

"नक्की?"

तिने हातातला झाडू खाली ठेवला. "माझं पटत नसेल तर साहेबांना विचारा. ते याच मैदानावर वाढलेत. या रोलरची त्यांच्याइतकी माहिती कुणालाच नाही."

सगळ्यांच्या माना भोपळ्याकडे वळल्या. त्याने माझ्याकडे बघितले. मला ओढत हे मैदान त्याने कोपरान्‌कोपरा तुडवले होते. एक वाक्य बोलायचा अवकाश, मावशी सगळ्यांसमोर खोटी पडली असती आणि त्याचे वर्षभराचे काम मार्गी लागले असते. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हो," तो म्हणाला. "इथंच असायचा."

मुख्याधिकाऱ्यांनी मान हलवली आणि ते गाडीत जाऊन बसले. वाहनतळ पुढे दुसरीकडे कुठेतरी झाला. भोपळ्या सगळ्यांच्या शेवटी फाटकातून बाहेर पडला. हरलेला माणूस कसा चालतो, ते मला चांगले माहीत आहे.

मैदान वाचले. तुम्ही आज तिथे खेळता ते त्यामुळे. मला याचा आनंद व्हायला हवा होता, पण खरे सांगतो, मला राग आला. दोन्ही माणसे माझी होती, आणि दोघांनी मिळून मला कायमचे जागेवर बसवले. तो राग अजूनही अधूनमधून येतो.

पुढे एक गंमत झाली, हसावे की रडावे अशी. मी वाटेत असल्याने भाड्याचा मोटार-रोलरही आत येईना. खेळपट्टीवर उंचवटे आले, चेंडू कुठेही उसळू लागला. तेव्हा मावशीने पुन्हा हाक मारायला सुरुवात केली. हरलेल्यांनी खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभे राहायचे आणि पायांनी खेळपट्टी तुडवायची. सगळ्यात पुढे ती स्वतः. माझे तोंड रस्त्याकडे आहे, त्यामुळे मला काही दिसत नाही. पाठीमागून पायांचे धप धप तेवढे ऐकू येते, मग भांडण, मग हसणे. माझे काम माझ्याशिवाय चालले आहे, हे मी रोज ऐकतो.

आता मावशी नोकरीतून मोकळी झाली आहे. लेकीकडे जाताना कधीतरी या रस्त्याने येते आणि साखळीच्या बाहेर उभी राहते. एकदा एक लहान मुलगी माझ्यावर चढू बघत होती. मावशी तिच्यावर खेकसली, "उतर खाली! हात लावायचा नाही त्याला!" मी जरा कलंडलो, कुणी तक्रार केली, पुन्हा चौकशी निघाली तर मैदान जाईल, ही तिची भीती. म्हणून ती स्वतःही हात लावत नाही. चौथरा बांधला त्या दिवसापासून तिचा हात माझ्यावर पडलेला नाही.

मित्रांनो, पुन्हा असा निधी वाटला जाईल, तेव्हा मोठ्यांबरोबर सभेला जा. जुन्या वस्तूंना रंग जरूर द्या म्हणावे, पण त्यांच्याकडे जात-येत राहा. मैदानाला पाणी घाला. मला मात्र हलवायला कुणी आले तर हलवू देऊ नका, कितीही गोड बोलले तरी.

आणि कधी साखळीच्या बाहेर एक म्हातारी बाई माझ्याकडे बघत उभी दिसली, तर तिचा हात धरा आणि माझ्यावर ठेवा. ती नको नको म्हणेल. तिचे ऐकू नका.