लाटे, जरा हळू ये

‘घणाघात’ नावाच्या बँडने हळवं गाणं करावं, याचीच बँडचा गायक चंद्रप्रकाश याला मुळात लाज वाटायची. खांद्यापर्यंत केस, मे महिन्यातही अंगात काळं जाकीट, आणि गाणं काय, तर ‘लाटे, जरा हळू ये’! पण १९८५ साली रेकॉर्ड काढायची म्हणजे तिला दोन बाजू लागायच्या. एकीकडे कानठळ्या बसवणारं ‘हातोडा’ होतं. दुसरी बाजू काय रिकामी सोडणार? म्हणून दहिसरला लग्न होऊन गेलेल्या एका पोरीसाठी रडत लिहिलेलं गाणं त्याने तिथे घातलं.

रेकॉर्ड आपटली, साफ आपटली! नातेवाइकांनी घेतली, तीही ज्यांच्या घरी रेकॉर्ड वाजवायची सोय नव्हती त्यांनी.

आणि गंमत बघा, दोन वर्षांनी मालाडचा राजाराम, ज्याच्या छोट्याशा कंपनीने ती रेकॉर्ड काढली होती, तो स्वतः दारात हजर. “अरे, ते लाटेचं गाणं बायका गुणगुणतायत! त्या एकट्याची कॅसेट काढू.” कव्हरवर मोठ्या अक्षरांत नाव येणार म्हणून चंद्रप्रकाश हवेतच तरंगायला लागला.

चार दिवसांत तो दाणकन खाली आला. राजाराम मढच्या कोळीवाड्यात एका लग्नाला गेला होता आणि तिथे धवलारीण, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणारी म्हातारी, हेच गाणं म्हणत होती! “लाज नाही वाटत? आजीपणजीची गाणी चोरतोस?” राजाराम भडकला. “कव्हरवर ‘पारंपरिक’ छापतो. तुझं नाव कटाप!”

वाट लागली ना! चंद्रप्रकाश धावत धर्माकडे गेला. धर्मा बँडचा ड्रमर, मढचाच कोळी. सगळं ऐकून तो पोट धरधरून हसला.

“आयला, ती धवलारीण म्हणजे आमची सोनूआत्या! आपण प्रॅक्टिस करतो ती सुक्या मासळीची खोली तिचीच ना रे? बोंबील वाळवता वाळवता तिने ऐकलं असणार. आणि धवलारीण म्हणते ते गाणं आजीच्या काळचंच, असं आमच्यात सगळे धरूनच चालतात.”

रविवारी दुपारी दोघांनी राजारामला ओढतच मढला दुसऱ्या एका लग्नाला नेलं. मांडवात सोनूबाई गात होती आणि मागून पन्नासेक बायका. ज्या ओळींवर तो स्वतः रडला होता, त्याच ओळी म्हणत इथे नवरीला होडीने सासरी धाडायची तयारी चालली होती. चंद्रप्रकाश नकळत बायकांबरोबर गुणगुणायला लागला. तरी नाव हवंच होतं त्याला, खोटं कशाला बोला!

गाणं संपल्यावर धर्माने सगळ्यांसमोर विचारलं, “आत्या, हे गाणं कुणाचं गं?”

“कुनाचं म्हंजे? या केसाल्याचं!” सोनूबाईने सरळ चंद्रप्रकाशकडे बोट दाखवलं. “ढमढम करून कान किटवले मेल्यानं. येवढं एकच बरं होतं, म्हनून उचललं.”

“मग आधी सांगितलं का नाहीत?” राजाराम चिडला.

“इचारलं कोनी?”

मांडव खदखदून हसला. सोनूबाईने चंद्रप्रकाशला हाताला धरून नवरीशेजारी उभं केलं. “दुसरं कडवं मला नीट ऐकू नाय आलं. म्हन आता.”

गिटार नाही, ड्रम नाही, माईक नाही. पहिली ओळ थरथरली, पण मग बायकांनी धरलं आणि तो मोकळा गायला. नवरी हमसून रडली, तिची आई रडली, आणि राजाराम रुमाल शोधायला लागला.

धवल्याच्या, म्हणजे या लग्नगाण्याच्या, शेवटी मानाच्या माणसांची नावं घेतात. सोनूबाईने नवरीच्या बापाचं नाव घेतलं, मामाचं घेतलं आणि एक श्वास घेऊन त्याच चालीत गायली, ‘चंद्रप्रकाशानं गानं बांधलं गं.’ पन्नास बायकांनी त्याचं नाव मागून म्हटलं. एकदा नाही, तीनदा.

कॅसेट निघाली आणि झकास खपली. पण कव्हरवर नाव कसं छापलंय ते बघायला चंद्रप्रकाश महिनाभर मालाडला फिरकलाच नाही.