अण्णांनी निवडलेली बंदूक

सासरे सुनेला काय काय घेऊन देतात? साडी, पाटल्या, फार तर मिक्सर. माझ्या सासऱ्यांनी मला बंदूक निवडून दिली. पंपवाली, बारा बोअरची, रानबदकं मारायला. आता सगळं नीट सांगते, नाहीतर माझं डोकं ठिकाणावर आहे ना, हे विचारायला तुम्ही रुपेशला फोन कराल.

रुपेश माझा नवरा. आम्ही न्युरेम्बर्गपासून चाळीस मिनिटांवरच्या एका गावात राहतो. गावात घरांपेक्षा तळी जास्त, आणि थंडी पडायला लागली की तळ्यांवर बदकंच बदकं. मी एका कंपनीत टेस्टिंग इंजिनिअर आहे, म्हणजे धडधाकट वस्तू मोडेपर्यंत चालवून बघते. शिकारीचा नाद मला इथेच लागला. मागच्या वर्षी आठ महिने क्लास केला, झाडांच्या पानांपासून रानडुकराच्या दातांपर्यंत सगळं पाठ केलं आणि यागटशाइन, म्हणजे शिकारीचं लायसन्स काढलं. रुपेशला ते अजून पटलेलं नाही. बदकाचं सुकं मात्र तो दोनदा वाढून घेतो.

पण नुसतं लायसन्स काय चाटायचंय? शिकारीला रान लागतं, आणि आमच्या गावचं सगळं रान नि तळी हेर कोल्ब, म्हणजे कोल्बसाहेब, यांच्या ताब्यात. वय पंच्याहत्तर, बोलणं मोजकं. त्यांनी सांगितलं, "ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी बदकांच्या शिकारीला या. ठीक वाटलं तर वर्षभराचा परवाना लिहून देईन." वर्षभराचा परवाना म्हणजे वाटेल तेव्हा उठून तळ्यावर जायची मुभा. मला तो फार हवा होता. दहा वर्षं या देशात राहून मी अजून सगळीकडे पाहुणीच होते, आणि निदान एका तळ्याच्या काठी तरी मला तसं नको होतं.

त्याच सुमारास अण्णा आले होते. अण्णा म्हणजे पद्माकर, माझे सासरे. राज्य राखीव पोलीस दलात, दौंडला, एकतीस वर्षं आर्मरर होते. शस्त्रागारातल्या बंदुका उघडायच्या, पुसायच्या, दुरुस्त करायच्या, हे त्यांचं काम. इथे नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेले, आणि पन्नास दिवस झाले तरी त्यांच्या हातून एक गोष्ट बरोबर होईल तर शपथ. केळ्याचं साल कचऱ्याच्या भलत्याच डब्यात. रविवारी दुपारी खिळा ठोकला तर शेजारीण दारात हजर. डिशवॉशरमध्ये वाट्या कशा लावायच्या ते रुपेश शिकवणार, आणि आमची नऊ वर्षांची अन्वी पाठीमागून "नाइन, आजोबा! डास इस्ट डी रेगेल!" म्हणून ओरडणार. म्हणजे, नाही आजोबा, हा नियम आहे. मी तरी कुठे शहाणी होते? "अण्णा, राहू द्या, मी करते," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणायची.

बंदूक घ्यायला निघाले तेव्हा त्यांनी हातातला मोबाइल खाली ठेवला. "मी येऊ?" इतक्या हळू विचारलं की मलाच लाज वाटली.

दुकानात मालकीणबाई फ्राउ डीट्झनी तीन पंप-बंदुका काउंटरवर मांडल्या. चिखल, पाऊस, थंडी, सगळ्यात चालणारी साधी यंत्रणा हवी म्हणून पंपच घ्यायची, एवढं माझं ठरलेलं होतं. मी चौदा ओळींचं एक्सेलचं टेबल छापून नेलं होतं. अण्णांनी ते पूर्ण वाचलं, हे त्यांचं मोठेपण. "छान केलंयस. आता पर्समध्ये ठेव."

मग त्यांनी खोटी काडतुसं मागितली, ती भरली, आणि डोळे मिटून बंदुकीची पुढची मूठ मागे ओढायला लागले. हळूहळू, अर्ध्यावर थांबत.

"अण्णा, ती जोरात ओढायची असते."

"दुकानात जोरात कुणीही ओढेल. तळ्यावर बोटं गारठणार, बदक भर्रकन डोक्यावरून जाणार, तू दचकणार, आणि हात अर्धाच मागे येणार. तेव्हा जी अडकते ती नको. तुझ्या टेबलात दचकण्याची ओळ आहे का?"

नव्हती. चौदा ओळींत दचकणं कुठेच नव्हतं.

पहिली बंदूक तिसऱ्या खेपेला अडकली. दुसरीच्या मुठीखाली ओढायला एकच पट्टी होती. "एका पट्टीने तिरकी ओढली जाते," म्हणून ती बाजूला. तिसरी दिसायला अगदीच साधी. अण्णांनी ती हळू ओढली, वाकडी ओढली, उलटी धरून ओढली. मग मला हातमोजे घालून पंधरा-वीस वेळा भरायला लावली. फ्राउ डीट्झ काउंटरच्या बाहेर येऊन बघत उभ्या राहिल्या. "वडील का?"

"सासरे."

"तुम्ही नशीबवान आहात." मग बंदूक बांधता बांधता म्हणाल्या, "बरं, कोल्बकडे जाणार ना? तिथे सगळे दुनळ्या आणतात. एकदा त्यांना विचारून घ्या."

ऐकलं मी, नाही असं नाही. पण मागे अण्णा फोनवर दौंडच्या कुठल्यातरी जुन्या सहकाऱ्याला "सूनबाईला हत्यार निवडून दिलं" असं सांगत होते, आणि पन्नास दिवसांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. शिवाय मी कायदा वाचला होता. कोल्बचं निमंत्रण दोनदा वाचलं होतं. पंप चालणार नाही असं कुठेही नव्हतं. या देशात खिळा कधी ठोकायचा तेही छापून मिळतं, मग कागदावर नाही म्हणजे अडचण नाही, असं मी धरून चालले आणि विचारलं नाही.

शनिवारी सकाळी तळ्याच्या बांधावर अकरा शिकारी उभे होते. प्रत्येकाची दुनळी मधोमध दुमडून हातावर टाकलेली. बारावी मी, खांद्यावर सरळसोट पंप. अण्णा बघायला आले होते, रुपेशचं ढगळ जाकीट आणि माकडटोपी घालून. हेर कोल्ब माझ्यासमोर येऊन थांबले.

"ही बंद आहे."

"रिकामी आहे, हेर कोल्ब. बोल्ट मागे आहे, चेंबर उघडं आहे, बघा ना."

"इथून दिसतं. पलीकडच्या बांधावरून नाही दिसत. दुमडलेली दुनळी मला पन्नास पावलांवरून कळते. माझ्याकडे एकेचाळीस वर्षं असंच चालतं."

"पण हे कुठे लिहिलेलं—"

"गेनाऊ, अगदी बरोबर. लिहिलेलं नाही." त्यांनी एक नारिंगी जाकीट माझ्या हातात दिलं. "आज हाकाऱ्यांबरोबर चला. परवान्याचं पुढच्या वर्षी बघू."

माझा चेहरा नुसता तापला. अकरा माणसं मला अवघडू नये म्हणून तळ्याकडे बघत होती. माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगते: अण्णांमुळे झालं हे. 'सासऱ्यांनी निवडली' एवढं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं.

"काय म्हणतायत गं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही राहू द्या."

ते लगेच एक पाऊल मागे सरकले, घरी डब्यांपाशी सरकायचे तसे. ते बघून मला माझाच राग आला. मग मी सगळं सांगितलं, दुकानातल्या बाईंनी विचारायला सांगितलं होतं तेही.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अगं, मग त्यांचं काय चुकलं? बंदूक आपण चांगली निवडली. शेजारी उभा राहणाऱ्याला काय दिसेल, ते मी बघायला हवं होतं. एकतीस वर्षं तेच तर बघत होतो." ते बांध उतरले, एक वाळकी काडी मोडली, खिशातला लाल रुमाल काढला, दातांनी त्याची पट्टी फाडली आणि काडीच्या टोकाला गच्च बांधली. बंदुकीला त्यांनी हात लावला नाही. लायसन्स माझं होतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. काडी माझ्याकडे दिली. "चेंबरमध्ये सार. फडकं बाहेर राहू दे. त्यांना म्हणावं, काडी आत आहे तोवर ही मिटत नाही. आता लांब जाऊन बघा."

मी भाषांतर केलं. हेर कोल्ब बांधावरून चालायला लागले, पावलं मोजत. पन्नासला वळले. वाऱ्यावर लाल फडकं फडफडत होतं. ते आणखी वीस पावलं गेले, परत वळले, आणि बराच वेळ बघत राहिले. अण्णा ताठ उभे होते, परेडला उभं राहावं तसे.

कोल्ब परत आले. "शेवटची जागा. माझ्या शेजारी," मला म्हणाले. आणि अण्णांकडे बघून, "यांचं नाव काय? सावकाश सांगा."

त्या सकाळी मला एक बदक मिळालं. पहिला बार हुकला, दुसरं बदक एकदम डोक्यावर आलं, मी दचकले, हात अर्धवट मागे आला, अडखळला, मग पुरता आला. बंदूक अडकली नाही. प्रत्येक फेरीनंतर मी काडी परत आत सारायची, आणि कोल्ब न चुकता बघायचे.

पुढच्या गुरुवारी ते स्वतः घरी कागद घेऊन आले. अण्णा स्वयंपाकघरात, केळ्याचं साल हातात धरून, चार डब्यांसमोर विचारात उभे होते. छापील परवाना, माझं नाव, सहा अटी, आणि खाली निळ्या शाईने हाताने लिहिलेली सातवी. मी ती मराठीत वाचली.

"पंप-बंदूक चालेल. शिकारीची जागा सोडून इतर सर्व ठिकाणी तिच्यात हेर पद्माकर यांची काडी, लाल फडक्यासह, लांबून दिसली पाहिजे. ही अट यापुढे पंप-बंदूक आणणाऱ्या प्रत्येकाला लागू."

"नाव घातलंय माझं?"

"घातलंय, अण्णा."

त्यांनी साल ओट्यावर ठेवलं, हात धुतले, नीट पुसले आणि कागद घेतला. जर्मन त्यांना येत नाही, पण स्वतःच्या नावाखाली बोट ठेवून ते उभे राहिले. अन्वी त्यांच्या कोपराखालून डोकावली आणि ती ओळ जर्मनमध्ये मोठ्याने वाचली. मग मान वर करून त्यांच्याकडे बघत, अगदी गंभीरपणे म्हणाली, "डास इस्ट डी रेगेल, आजोबा."

"परत वाच," अण्णा म्हणाले.