बाबांच्या एकांकिकेचा शेवट

बाबांच्या एकांकिकेला शेवट नव्हता. तो लिहायच्या आधीच, सव्वा महिन्यापूर्वी, ते गेले. स्पर्धेतून नाव मागे घ्यायचं की नाही, हे लवूकाकांनी रविवारी संध्याकाळपर्यंत स्पर्धावाल्यांना कळवायचं होतं. बाबांची सगळी नाटकं त्यांनीच बसवलेली, लालबागच्या आमच्या चाळीतल्या मंडळाच्या खोलीत.

"मी लिहून बघू?" असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "दर्शना, तू पूल तपासतेस गो. ह्यात काय तडे शोधणार?"

त्यांचं चुकलं नव्हतं. बाबाही म्हणायचे, तू तपासणारी, मी रचणारा. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण स्वतःची एक ओळ लिहिली नाही.

गोष्ट साधी होती. न सांगता निघून गेलेला मुलगा आठ वर्षांनी अचानक परत येतो. शेवटी तो कुठे होता ते सांगणार आणि आई रडणार, असं सगळे धरून चालले होते. तीन दिवस मी तसंच लिहून पाहिलं. आई हंबरडा फोडायची आणि माझा एकाही शब्दावर विश्वास बसायचा नाही.

मग मला येतं तेच केलं. तक्ता आखला : कुठल्या पानावर कोणाला काय माहीत आहे. आईच्या रकान्यात अडखळले. मुलगा दार वाजवतो पाचव्या पानावर. पण दुसऱ्याच पानावर ती शेजारणीला 'आज माझा उपास' म्हणून सांगते आणि ती गेल्यावर बोंबील तळायला घेते. घरात दुसरं कोणी नाही. बाबा असं चुकून लिहिणारे नव्हते. म्हणजे तो येणार हे तिला ठाऊक होतं, आणि तो कुठे होता तेही. म्हणूनच ती एकदाही 'कुठे होतास' विचारत नाही.

शेवट अर्ध्या पानाचा झाला.

रविवारी मंडळाच्या खोलीत तो चंपामावशीने मोठ्याने वाचला. गेली वीस वर्षं बाबांच्या नाटकांतली आई तीच. मुलगा कबुली द्यायला तोंड उघडतो. आई म्हणते, "ठाऊक आहे. जेव आधी." पडदा.

"एवढंच?" लवूकाका म्हणाले. "रडणं कुठाय?"

"गप रे," मावशी म्हणाली. "तिका पयल्यापासून म्हायत हा. म्हणान ती माशे तळता. आणि मी येडी, तो सीन नुसतो उरकीत होतंय." मग माझ्याकडे वळली. "बाबान सांगलेल्यान तुका?"

"नाही. वाचताना सापडलं."

लवूकाकांनी दुसरं पान काढून पुन्हा वाचलं, ओठ हलवत. मग स्पर्धावाल्यांना फोन लावला. "नाव राहू द्या. शेवट झाला आमचा."

"लेखक म्हणून दोन नावं देतो," फोनवर हात ठेवून ते मला म्हणाले. मी नको म्हणणार होते. म्हटलं नाही.

फोन ठेवल्याबरोबर शेवटच्या प्रकाशयोजनेवरून त्यांची आणि मावशीची जुंपली. मला घरी जायचं होतं, पण मी ऐकत बसून राहिले. फार बरं वाटत होतं.